२६ जानेवारी : तिकडची आणि आपली

फौजेत असताना २६ जानेवारीच्या थंडीत मी कितीतरी वेळा परेडला उभा राहिलो. ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय दिनही हाच. तिथे मात्र ही तारीख बदलावी का, यावर दरवर्षी वाद होतो.

२६ जानेवारी १७८८ रोजी कॅप्टन आर्थर फिलिपने सिडनी कोव्ह इथे ब्रिटिश झेंडा उभारला. सोबत ११ जहाजं आणि शेकडो कैदी होते. मूळ रहिवाशांच्या लेखी ते आक्रमणच. १९३८ मध्ये सरकार १५० वर्षांचा सोहळा करत होतं, तेव्हा त्यांनी सिडनीतच शोकदिन पाळला.

तारीख राखा म्हणणारे परंपरेचा दाखला देतात. पण सगळ्या राज्यांत नेमकी याच दिवशी सुट्टी मिळते ती १९९४ पासून. १९१५ मध्ये तर ‘ऑस्ट्रेलिया दिन’ ३० जुलैला झाला होता.

आता आपलं बघा. १५ ऑगस्ट ही तारीख माउंटबॅटन यांनी ठरवली. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलं गेलं, पण ते पूर्णपणे लागू झालं २६ जानेवारी १९५० ला. कारण १९३० मध्ये याच दिवशी देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली होती. ही तारीख आपली आपण निवडलेली.

तारीख बदलून इतिहास बदलत नाही, हे खरं. पण राष्ट्रीय दिनाची सलामी सगळ्यांना मनापासून देता आली पाहिजे. आपलेच काही लोक त्या दिवशी शोक करत असतील, तर तारीख बदलण्यात कमीपणा कसला? मी तरी बदलली असती.

जय हिंद.