तारांची पंचवीस वर्षं
२००० साली आपण राहायला आलो तेव्हा इंटरनेट लावलं की फोन बंद! त्यातून पहिली सुटका केली केबलवाल्यानं, गच्चीवरून वायर टाकून. २००४ च्या धोरणानं ब्रॉडबँडचा किमान वेग २५६ केबीपीएस ठरवला. २००५ मध्ये एमटीएनएलनं मुंबईत जुन्याच तांब्याच्या तारेवर ‘ट्रायबँड’ दिलं. फोन आणि नेट एकदम चालू. पण एक्स्चेंजपासून लांब गेलं की तांब्यावरचा वेग घटतो. केबलवाल्यांशी आणि एकमेकांशी स्पर्धा करताना टेलिफोन कंपन्यांना फायबर घालावंच लागलं. २०१९ मध्ये आपल्याकडे विचारणा झाली. नवा रंग खराब होईल म्हणून सेक्रेटरी या नात्यानं मीच नकार दिला. पुढच्या वर्षी लॉकडाउनमध्ये मुलं शाळेसाठी गच्चीवर मोबाइल धरून बसली. ती चूक माझी. इथे नोंदवून ठेवतो.