बंदुकीचं कलम गळालं, गांजाचं राहिलं. मग शिक्षेचं काय?

परवा हिरकणीवाडीत रोपवेच्या खाली चहाला थांबलो होतो. टपरीवर बसलेल्या आबांनी पेपर पुढे सरकवला. "दादा, हे काय लिवलंय? बंदुकीच्या कलमातून सुटला म्हणतात, आणि तरी दहा वर्षं आतच? मग सुटला कसला?"

प्रश्न मला लागला. काही वर्षांपूर्वी अशाच एका अपिलाच्या निकालावर मी घाईघाईत 'निर्दोष सुटका' असा मथळा दिला होता. सुटका एकाच कलमातून होती. मथळा वाचून त्या पोराच्या आईने देवापुढे नारळ फोडला. संध्याकाळी वकिलाने खरं काय ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी चार ओळींचा खुलासा छापला, पण त्या माउलीला काय सांगणार? म्हणून आज सविस्तर लिहितो.

अंमली पदार्थांचा आपला कायदा, म्हणजे एनडीपीएस, 1985 चा. सुरुवातीला बहुतेक गुन्ह्यांना किमान 10 वर्षं ठरलेली. थोडा माल आणि पोतंभर माल यात फारसा फरक नव्हता. 2001 च्या दुरुस्तीने मालाच्या वजनावर शिक्षा ठरू लागली. गांजा 20 किलोच्या वर किंवा चरस एक किलोच्या वर गेला की 'व्यापारी प्रमाण' धरतात. त्याला किमान 10, कमाल 20 वर्षं आणि किमान एक लाख दंड.

याच दुरुस्तीत कलम 32-ब आलं. किमान शिक्षेच्या वर जायचं तर न्यायाधीशाने काय बघावं, त्याची ती यादी आहे. यादीत पहिलीच बाब आहे हिंसेचा किंवा शस्त्राचा वापर, किंवा तशी धमकी. म्हणजे बंदूक दोन दारांनी आत येते. एक, शस्त्र कायद्याखालचा वेगळा गुन्हा म्हणून. दोन, गांजाचीच शिक्षा वाढवायचं कारण म्हणून.

आता समजा, खालच्या कोर्टाने गांजासाठी 14 आणि पिस्तुलासाठी 3 वर्षं दिली, दोन्ही एकत्र भोगायची. अपिलात पिस्तुलाचं कलम पडलं. एकत्र भोगायच्या असल्याने ती 3 वर्षं गेली तरी तुरुंगातला एक दिवसही कमी होत नाही! खरा प्रश्न 14 चा आहे. 10 च्या वरची चार वर्षं कशासाठी दिली होती? पिस्तुलासाठी असतील तर त्यांचा पायाच गेला. मालाचं वजन किंवा टोळीतला हात हे कारण असेल तर ती टिकू शकतात. निकालात कारण लिहिलंच नसेल, तर वरच्या कोर्टाने पुन्हा तोलून बघायला हवं.

कलम का पडलं, हेही बघावं लागतं. विनापरवाना शस्त्राचा खटला चालवायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. तो एक कागद नसला तरी खटला ढासळतो. पण 'पिस्तूल त्याचं नव्हतंच' असं कोर्ट म्हणालं, तर गोष्ट निराळी.

हाच पेच अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. तिथे अंमली पदार्थाच्या गुन्ह्यात बंदूक 'वापरली' की किमान 5 वर्षं जादा, तीही वेगळी भोगायची. 6 डिसेंबर 1995 ला बेली खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं, गाडीच्या डिकीत पडलेली बंदूक म्हणजे 'वापर' नव्हे. अनेकांची ती 5 वर्षं रद्द झाली. पण बऱ्याच जणांची शिक्षा पुन्हा ठरवताना कोर्टांनी तीच बंदूक अंमली पदार्थाच्या शिक्षेत वाढीचं कारण म्हणून धरली. एका दाराने गेलेली बंदूक दुसऱ्या दाराने परत आली. 1998 मध्ये तिथल्या संसदेने कायदाच बदलला आणि गुन्ह्याला पुढे नेण्यासाठी बंदूक 'बाळगणं'ही त्यात घातलं.

आपल्या 32-ब मध्येही शब्द 'वापर' आणि 'धमकी' हेच आहेत, नुसतं 'बाळगणं' नाही. आपल्याकडे आणखी एक आधार आहे. आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात वरचं कोर्ट त्याची शिक्षा वाढवू शकत नाही.

आपल्या रायगडाशी जोडलेलं उदाहरण घ्या. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठी शस्त्रं आणि स्फोटकं उतरली ती आपल्याच जिल्ह्यात, दिघी आणि शेखाडीला. त्याच खटल्यात संजय दत्त 'टाडा'तून सुटला, पण शस्त्र कायद्यात अडकला. 2007 मध्ये 6 वर्षं झाली. 21 मार्च 2013 ला सुप्रीम कोर्टाने ती 5 केली. तेव्हा त्या कलमाची किमान शिक्षा तेवढीच होती, त्याखाली जाता येत नव्हतं. इथे उलटं घडलं, मोठं कलम गेलं आणि बंदूक राहिली. पण नियम तोच: उरलेल्या प्रत्येक कलमाला आपापला तळ असतो.

तळ किती कडक असावा, यावर मुंबई हायकोर्टानेही बोट ठेवलंय. एनडीपीएसमध्ये काही गुन्हे दुसऱ्यांदा केले तर फाशीच, दुसरा पर्याय नाही, असं कलम होतं. जून 2011 मध्ये हायकोर्टाने सांगितलं, फाशी 'द्यावीच' नव्हे, 'देता येईल' असं वाचा. 2014 मध्ये संसदेने तसाच बदल केला.

आबांना मी हिरकणीचंच उदाहरण दिलं. सूर्य मावळला की गडाचे दरवाजे बंद, हा नियम. तान्ह्या लेकरासाठी ती कडा उतरून गेली. आख्यायिका सांगते, महाराजांनी तिचा सन्मान केला आणि तिथे बुरूजही बांधून घेतला. नियम सैल झाला नाही, पण समोर कोण आहे आणि कशासाठी, हे बघितलं गेलं.

गांजा विकणारा हिरकणी नव्हे, हे मलाही कळतं. आपली पोरं या विषाला लागतायत, त्याचा राग मलाही आहे. पण जी बंदूक कोर्टात सिद्धच झाली नाही, तिच्यासाठी कुणी चार वर्षं जास्त आत बसू नये. आणि आम्ही पत्रकारांनी 'सुटला' लिहिण्याआधी कुठल्या कलमातून सुटला, हे विचारावं.

आबा म्हणाले, "म्हंजे सुटला न्हाई, हिशेब परत मांडला." माझ्या त्या मथळ्यापेक्षा हे बरं होतं.