लक्षणांच्या आधीची खूण : रक्तदाब आणि मूत्रपिंड

वाराणसीच्या मुन्शी घाटावरून नावेने दक्षिणेकडे गेलात, की काही अंतरावर चेतसिंह घाट लागतो. 1781 मध्ये राजा चेतसिंह आणि वॉरन हेस्टिंग्ज यांच्यात येथे संघर्ष पेटला. त्या मोहिमेत पाटण्याचे दीन महोमेद कंपनीच्या सैन्यासोबत बनारसला आले होते. पुढे ते आयर्लंडला गेले. 1794 मध्ये त्यांनी इंग्रजीत प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. नंतर इंग्लंडमधील ब्रायटन येथे त्यांनी चंपी-मालिशचे स्नानगृह चालवले. आपल्या विषयाशी संबंध आहे तो त्यांच्या नातवाचा.

त्याआधीची समजूत पाहा. लंडनच्या गायज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी 1827 मध्ये अंगावरची सूज, लघवीतील अल्ब्युमिन आणि बिघडलेले मूत्रपिंड यांचा संबंध दाखवला. चमच्यात लघवी तापवली, की हे प्रथिन अंड्याच्या पांढऱ्या भागासारखे गोठे. अल्ब्युमिन दिसले, की आजार ठरला.

फ्रेडरिक अकबर महोमेद (1849–1884) त्याच रुग्णालयात शिकले. मनगटावरची नाडी कागदावर रेखणारे यंत्र त्यांनी सुधारले. स्कार्लेट ज्वराच्या रुग्णांमध्ये लघवीत अल्ब्युमिन येण्याआधीच नाडीतील ताण वाढतो, असे त्यांना आढळले. हे निरीक्षण त्यांनी 1874 मध्ये मांडले. मूत्रपिंड निरोगी असतानाही दाब वाढलेला असू शकतो, हे त्यांनी पुढे दाखवले. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचे रिवा-रोची यांचे साधन 1896 मध्ये आले. महोमेद मात्र पस्तिसाव्या वर्षीच विषमज्वराने वारले होते.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे 10 लाख सूक्ष्म गाळण्या असतात. सततच्या दाबाने त्यांच्या रक्तवाहिन्या जाड होतात, गाळण्या निकामी होऊ लागतात आणि अल्ब्युमिन झिरपते. ते इतके थोडे असते, की तापवून दिसत नाही. 1963 मध्ये कीन आणि क्लोव्हेराकिस यांनी असे अत्यल्प अल्ब्युमिन मोजण्याची पद्धत मांडली.

आज लघवीत दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे 30 ते 300 मिलिग्रॅम अल्ब्युमिन आढळणे ही प्रारंभिक खूण मानतात. तापाने किंवा व्यायामानेही ते तात्पुरते वाढते, म्हणून तपासणी पुन्हा करतात. काहींमध्ये अल्ब्युमिन न वाढताही गाळण्याचा वेग घटतो. त्यासाठी रक्तातील क्रिएटिनिनही पाहावे लागते. पायांवरची सूज आणि फेसाळ लघवी बहुधा उशिरा दिसतात. तोवर रुग्णाला काहीच जाणवत नाही. म्हणून घरात कोणाला उच्च रक्तदाब असेल, तर त्रास नसतानाही या दोन्ही तपासण्या दरवर्षी झाल्या का, हे विचारा.

विचार करा : ब्राइट यांच्या हाती नसलेले कोणते साधन महोमेद यांच्याकडे होते आणि त्यामुळे कारण-परिणामाचा क्रम कसा बदलला?