हेडरमधली एक ओळ काढली आणि दुसऱ्यांचे प्रोग्राम अडले! सी लायब्ररीतलं ‘न वापरलेलं’ डिक्लेरेशन काढताना काय होतं?

१ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. बोईसर, तारापूरच्या पत्त्यात ‘जि. ठाणे’च्या जागी ‘जि. पालघर’ आलं. पण पोस्ट ऑफिस जागेवरच होतं, पिनकोडही तोच. त्यामुळे जुना पत्ता लिहिलेलं पाकीट घरी पोहोचतच राहिलं. यादीतून नाव जाणं वेगळं आणि गाव जाणं वेगळं.

सी भाषेच्या शेअर्ड लायब्ररीतून फंक्शनचं डिक्लेरेशन काढलं की असंच काहीसं होतं.

डिक्लेरेशन म्हणजे काय?

शेअर्ड लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो तयार कोड. तिच्यासोबत हेडर फाइल येते. हेडर ही यादी असते: फंक्शनचं नाव काय, त्याला काय द्यायचं, ते काय परत देतं. या प्रत्येक नोंदीला डिक्लेरेशन म्हणतात. प्रत्यक्ष काम करणारा कोड मात्र लायब्ररीत असतो.

हेडर वाचतो तो कंपायलर. तयार झालेला प्रोग्राम चालताना हेडर उघडतही नाही. म्हणून नुसतं डिक्लेरेशन काढलं तर जुने प्रोग्राम चालत राहतात, अडचण येते ती नव्याने कंपाइल करताना.

‘गेट्स’ची गोष्ट

टर्बो सीवर शिकलेल्यांना ‘गेट्स’ हे फंक्शन आठवत असेल. कीबोर्डवरून आलेली ओळ ते वाचतं, पण आपल्याकडे जागा किती आहे हे त्याला कळत नाही. ओळ मोठी असली तर शेजारची मेमरी पुसली जाते. नोव्हेंबर १९८८ मध्ये पसरलेल्या ‘मॉरिस वर्म’ने हीच फट वापरली होती.

डिसेंबर २०११ मध्ये आलेल्या सी११ मानकातून ‘गेट्स’ वगळलं गेलं. लिनक्सवरच्या मुख्य सी लायब्ररीने, म्हणजे जीलिबसीने, जून २०१२ च्या २.१६ आवृत्तीत नव्या मानकानुसार कंपाइल करणाऱ्यांसाठी हेडरमधून त्याचं डिक्लेरेशन काढलं. फंक्शन मात्र लायब्ररीत ठेवलं, म्हणजे जुने प्रोग्राम बंद पडू नयेत.

तरी अडलं कुठे?

एम४, टार, बायसन या प्रोग्रामच्या तेव्हाच्या आवृत्त्या कंपाइल होईनात. गंमत म्हणजे अडचण ‘गेट्स’ वापरल्यामुळे आलीच नव्हती. त्यांच्यात ‘ग्नूलिब’चा कोड होता आणि तो ‘गेट्स वापरू नका’ असा इशारा देत होता. हा इशारा आधीच्या डिक्लेरेशनवर चिकटवलेला होता. डिक्लेरेशन गेलं, तसा इशाराच एरर होऊन बसला. ठाणे जिल्ह्याच्या यादीत ‘पालघर’ शोधून त्यावर काट मारा, अशी सूचना असावी आणि यादीत पालघरच नसावं, तसं झालं. अखेर ग्नूलिबचा तो भाग दुरुस्त करावा लागला.

गुपचूप होणारा घोटाळा

एरर आली तर निदान कळतं तरी. जुने कंपायलर अनोळखी फंक्शन दिसलं की ते पूर्णांक परत देतं असं गृहीत धरायचे. ६४ बिट लिनक्सवर मेमरीचा पत्ता ८ बाइटचा आणि साधा पूर्णांक ४ बाइटचा. फंक्शन पत्ता परत देणारं असेल तर अर्धा पत्ता कापला जातो आणि प्रोग्राम चालता चालता कोसळतो. सी९९ मानकाने ही सवलत काढली होती, तरी जीसीसी कंपायलर बरीच वर्षं फक्त वॉर्निंग देत राहिला. मे २०२४ च्या १४ व्या आवृत्तीपासून ती थेट एरर झाली.

मग काढायचं कसं?

• आधी लायब्ररीच्या आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या प्रोग्रामच्या कोडमध्ये ते नाव शोधायचं. नुसता उल्लेख असला तरी तो मोजायचा.
• त्या नावाचा कोड लायब्ररीत आहे का, हे पाहायचं. कोडच नसेल तर ते फंक्शन कुणी चालवूच शकत नाही, त्यामुळे धोका सर्वांत कमी.
• कोड असेल तर आधी ‘डेप्रिकेटेड’ अशी खूण करून एक-दोन आवृत्त्या वाट पाहायची आणि पर्याय सांगायचा. ‘गेट्स’ला तो ‘एफगेट्स’ आहे.
• मग हेडरमधली ओळ काढायची आणि आवृत्तीच्या टिपणात तसं लिहायचं.
• फंक्शनही काढायचं असेल तर लायब्ररीच्या नावातला मुख्य क्रमांक वाढवायचा.

आपल्या कोडमध्ये एखादं नाव कुठेच वापरलेलं नाही, एवढं आपल्याला पाहता येतं. शेअर्ड लायब्ररीचे बाकीचे वापरकर्ते मात्र आपल्या समोर नसतात, म्हणून त्यांना आधी कळवणं महत्त्वाचं.