गुहेतला कोळी आणि बरणीवरची चिठ्ठी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण चालवता, त्यांनी माझा एक अपराध पोटात घातला होता. आजचा विषय त्या अपराधातूनच निघाला आहे. म्हणून आधी तोच सांगतो.

१९७१ च्या हिवाळ्यात आपल्या शाळेची सहल धार जिल्ह्यातील बाघच्या लेण्यांना गेली होती. भित्तिचित्रे तेव्हा जागेवरच होती. ती भिंतींवरून उतरवण्याचे काम पुढे १९८२ मध्ये सुरू झाले. सारी मुले रंगमहालातील चित्रांपुढे उभी असता मी दुसऱ्या क्रमांकाच्या, लोक जिला पांडव गुंफा म्हणतात त्या लेण्यात रेंगाळलो. तेथे एका खांबावर तळहाताएवढा चपटा कोळी पाय पसरून बसला होता आणि पोटाखाली रुपयाएवढी पांढरट थैली धरून होता. मी डब्यातली पोळी सोबत्याला दिली आणि कोळी डब्यात घातला. राजेंद्र नगरला परतल्यावर तो प्रयोगशाळेत स्पिरिटच्या बरणीत गेला. गुरुजींनी बरणी उजेडात धरून विचारले, ‘‘कोणत्या गुंफेतला? जमिनीपासून किती उंचीवर होता? उजेडात की अंधारात? तारीख कोणती?’’ मी म्हणालो, ‘‘बाघचा आहे, सर.’’ ते म्हणाले, ‘‘मग एवढे सगळे चिठ्ठीवर लिही आणि बरणीत टाक.’’ लिहितो म्हणालो, आणि लिहिले नाही. पुढे ती बरणी मी हौसेने घरी नेली, आणि घर बदलण्याच्या गडबडीत ती माझ्याच हातून नाहीशी झाली.

त्या चिठ्ठीची किंमत मला प्राणिशास्त्र शिकवू लागल्यावर कळली. कोळ्याची जात रंगावरून किंवा आकारावरून ठरत नाही. नराच्या तोंडाजवळील आखूड पायांची टोके आणि मादीच्या पोटाखालील कठीण जननपटल सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. ही इंद्रिये वयात आल्याशिवाय पूर्ण होत नाहीत, म्हणून कोवळ्या कोळ्यापुढे पंडितही हात टेकतात. माझी मादी तर अंड्यांची थैली घेऊन बसलेली, म्हणजे पुरती वयात आलेली होती. तिचे नाव ठरू शकले असते.

आपल्या भाषेत जाळे टाकणारा मच्छीमारही कोळी आणि जाळे विणणारा हा प्राणीही कोळीच. नाव सुरेख आहे. पण लेण्यांतला हा चपटा कोळी शिकारीसाठी जाळे विणत नाही. तो दबा धरून झडप घालतो. याच्या वंशातील, जगभर घराघरांत आढळणाऱ्या एका जातीला लिनेअसने १७६७ मध्ये जे नाव दिले, त्याचाही अर्थ शिकारी असाच आहे. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची गणना लिनेअसच्या १७५८ च्या ग्रंथापासून होते, त्याआधीचे नाव धरले जात नाही. अपवाद एकच, आणि तो कोळ्यांचा. स्वीडनमधील कार्ल क्लर्कने १७५७ मध्ये आपल्या देशातील कोळ्यांवर जे पुस्तक छापले, त्यातील नावे नियमाला मुरड घालून मान्य झाली आहेत.

आपल्याकडे या विद्येची पाळेमुळे शोधू लागलो की मुंबईला जावे लागते. १५ सप्टेंबर १८८३ रोजी तेथे आठ गृहस्थांनी नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत दोन आपले होते : प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतिज्ञ डॉ. सखाराम अर्जुन. आत्मारामपंतांचे नाव आपण धर्मसुधारणेच्या इतिहासात वाचतो आणि तेथेच मिटून ठेवतो. किडामुंगीच्या सभेतही ते बसत, हे आमच्या पाठ्यपुस्तकात कधी आले नाही. संस्थेला प्रथम हक्काची जागा नव्हती. एच. एम. फिप्सन नावाच्या मद्याच्या व्यापाऱ्याने १८८४ मध्ये आपल्या पेढीतील खोली तिला दिली आणि पुढे चिटणीसपदाचा भार वर्षानुवर्षे वाहिला. मुंबईत जमलेले नमुने लंडनच्या संग्रहालयात रेजिनल्ड पोकॉक यांच्याकडे जात. १८९४ मध्ये पोकॉक यांनी भारतातील एका प्राण्याला फिप्सनचे नाव दिले. तो प्राणी दिसतो कोळ्यासारखा, पण खरा कोळी नव्हे. पुढचे दोन पाय चाबकासारखे लांब, त्यांनी तो अंधारात चाचपत फिरतो. त्याला विषही नाही आणि रेशीमही नाही. कपारी, झाडांच्या ढोली आणि गुहा ही या गटाची वसतिस्थाने. १९०० मध्ये पोकॉक यांचा भारतातील कोळी-विंचवांवरचा ग्रंथ निघाला, आणि आजही या विषयाचा अभ्यास त्याच्यापासूनच सुरू होतो.

फिप्सनचे नाव राहिले, पोकॉकचे राहिले. दिवा धरून कपारीत हात घालणारा कोण होता? पुष्कळदा त्याचा उल्लेखच नसतो. गुहेच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते, कारण तेथे वाट दाखवणाऱ्यावाचून पाऊल पडत नाही. प्राणी दारापाशी सापडला की पूर्ण काळोखात, यावरच त्याचा सारा अर्थ अवलंबून असतो. दारापाशी सापडलेला पाहुणा असू शकतो; आतला कदाचित पिढ्यान्‌पिढ्यांचा रहिवासी असेल. युरोपात १८४७ मध्ये डेन्मार्कच्या श्योड्ते यांनी पोस्तोयनाच्या गुहेतील डोळे नसलेल्या कोळ्याचे वर्णन केले, तेव्हापासून हा भेद महत्त्वाचा ठरला.

तो भेद ध्यानी ठेवून भारतात झालेले पहिले मोठे काम म्हणजे गारो टेकड्यांतील सिजू गुहेची पाहणी. १९२२ मध्ये कलकत्त्याहून स्टॅन्ली केम्प आणि बी. एन. चोप्रा तेथे गेले. त्यांनी प्राणी वेचले, आणि कोणता प्राणी दारापासून किती आत सापडला याचीही नोंद ठेवली. गुरुजींनी मला विचारलेले प्रश्न त्यांनी आधीच स्वतःला विचारले होते. निरनिराळ्या गटांचे नमुने निरनिराळ्या तज्ज्ञांकडे गेले. कोळी पॅरिसला लुई फाज यांच्याकडे गेले आणि १९२४ मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. केम्प पुढे दक्षिण ध्रुवाकडील सागरसंशोधनाला निघून गेले, परंतु त्यांचे नाव सिजूतील गुहावासी रातकिड्याच्या वंशाला चिकटून राहिले आहे.

त्याच वंशातील एक जात आपल्या अविभक्त मध्य प्रदेशातील बस्तरच्या कोटुमसर गुहेत सापडली. ही गुहा अभ्यासकांपुढे आणली ती शंकर तिवारी यांनी, विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात. १९७७ मध्ये सिन्हा आणि अग्रवाल यांनी त्या रातकिड्याचे नाव ‘केम्पिओला शंकरी’ ठेवले. गारो टेकड्यांत उतरलेला इंग्रज आणि बस्तरच्या काळोखात शिरलेला आपला माणूस एका किड्याच्या नावात शेजारी बसले आहेत. येथे तरी दिवा धरणाऱ्याला जागा मिळाली. (याच गुहेतील फिकट माशाच्या वंशाचे नाव ‘इंडोरिओनेक्टिस’ वाचून मी एकदा वर्गात अभिमानाने ‘आपल्या इंदूरचा मासा’ असे सांगून बसलो होतो. त्यात इंदूर नाही. भारतवाचक ‘इंडो’ला ‘ओरिओनेक्टिस’ जोडले आहे एवढेच.)

स्वातंत्र्यानंतर ही विद्या भारतीय हातांत आली. प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या पुणे केंद्रात बी. के. टिकादर यांनी सह्याद्रीतील आणि देशभरातील कोळी अभ्यासले. त्यांचे खंड १९८० आणि १९८२ मध्ये निघाले. जबलपूर केंद्रातील यू. ए. गजबे यांचा जबलपूरच्या कोळ्यांवरील ग्रंथ २००४ मध्ये आला. नर्मदेच्या काठचे काम झाले म्हणून मला आनंद झाला आणि त्याबरोबर माझी हरवलेली बरणीही आठवली. कोळ्यांच्या याद्या अशा चिठ्ठ्यांवरच उभ्या राहतात, आणि बाघची एक चिठ्ठी मी लिहिली नव्हती.

गेल्या डिसेंबरात मी पुन्हा बाघला गेलो. सोबत याच शाळेत शिकणारी माझी नात होती. लेणी संरक्षित आहेत, तेथे काही पकडायचे नसते आणि आता पकडावेसेही वाटत नाही. पांडव गुंफेत आतल्या बाजूच्या एका खांबावर तसाच चपटा कोळी होता. या वेळी थैली नव्हती. नातीने मोबाइलवर छायाचित्र घेतले. मी तिला वहीचे पान फाडून दिले आणि सांगत गेलो, तसे ती लिहीत गेली : लेणे क्रमांक दोन, डावीकडचा खांब, जमिनीपासून सुमारे पाच फूट, मंद उजेड, सकाळचे साडेअकरा, तारीख. ‘‘आजोबा, नाव काय लिहू?’’ तिने विचारले. ती ओळ आम्ही मोकळी ठेवली आहे.