कार्डिनल मॅनिंग आणि सहा पेन्स

संपांत धर्मगुरु मध्यस्थ झाला कीं सबुरीचा उपदेश बहुधा मजुरांच्याच वांट्यास येतो. १८८९ सालच्या लंडनच्या गोदी-संपांत मात्र वेस्टमिन्स्टरचे कॅथोलिक आर्चबिशप कार्डिनल मॅनिंग प्रथम गेले ते मालकांकडे. त्यांचे वडील वेस्ट इंडीजचे व्यापारी व बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर. तेव्हां धनिकांची भाषा त्यांस घरचीच होती! मजुरांना हवे होते तासाला पांचाऐवजीं सहा पेन्स, आणि कामावर घेतल्यास निदान चार तासांची मजुरी. शेवटीं वाद उरला तो वाढ केव्हांपासून द्यावयाची, एवढाच. १० सप्टेंबरला पॉपलरमधील एका शाळेंत एक्क्याऐंशी वर्षांच्या या वृद्धानें पुढाऱ्यांचें मन ४ नोव्हेंबर या तारखेकडे वळविलें. म्हणजे कामावर परतून आणखी सात आठवडे जुन्याच दरानें राबावयाचें; हें आम्हांस आजहि खटकतें. परंतु मजुरांनीं तें मानलें. त्यांपैकीं पुष्कळ आयरिश कॅथोलिक होते खरे, पण मालकांपुढें आपली बाजू मांडून आलेल्या माणसाचा शब्द इतरांनाहि मोडवेना.

उभयपक्षीं करार झाला एवढ्यानेंच वेतन न्याय्य ठरत नाहीं, असें पोप तेरावे लिओ यांनीं मे १८९१ मध्यें आपल्या 'रेरुम नोवारुम' या पत्रांत लिहिलें. तोंवर लंडनच्या गोदींत सहा पेन्स मिळूं लागून दीड वर्ष झालें होतें.