प्रारंभिक मूल्य आणि बदलाचा दर

एकाच व्यक्तीची ठरावीक काळाने पुन्हापुन्हा मोजमापे घेतली असता, तिचे प्रारंभिक मूल्य आणि पुढील बदलाचा दर यांच्यात संबंध आहे का, हा संख्याशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे. उदा. ज्यांचा रक्तदाब मुळात जास्त असतो, त्यांना औषधाचा गुण अधिक येतो का? अशा विश्लेषणासाठी आर, सॅस, स्टाटा या संगणकप्रणाली वापरल्या जातात.

आभासी सहसंबंध

अंतिम मूल्यातून प्रारंभिक मूल्य वजा करून येणाऱ्या फरकाचा प्रारंभिक मूल्याशीच सहसंबंध काढणे सदोष ठरते, कारण प्रारंभिक मूल्य दोन्ही बाजूंस येते. दोन मोजमापे परस्परांपासून पूर्णतः स्वतंत्र आणि सारख्याच विखुरणीची असली, तरीही हा सहसंबंध सुमारे −०.७१ येतो. पहिल्या वेळी मापनदोषामुळे जास्त आलेले मूल्य दुसऱ्या वेळी सरासरीकडे झुकते, हेही यामागील एक कारण होय. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये उंचीच्या अभ्यासात सरासरीकडे झुकण्याचे वर्णन केले होते.

ओल्डहॅम पद्धत

१९६२ मध्ये ओल्डहॅम यांनी फरकाची तुलना प्रारंभिक मूल्याऐवजी दोन्ही मोजमापांच्या सरासरीशी करण्याचे सुचविले. मात्र उपचाराचा परिणाम व्यक्तीगणिक मुळातच वेगळा असेल, तर ही पद्धतही दिशाभूल करू शकते.

मिश्र प्रतिमाने

प्रत्येक व्यक्तीसाठी तीन किंवा अधिक मोजमापे उपलब्ध असल्यास मिश्र प्रतिमान वापरता येते. यात प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र रेषा मानून तिचे प्रारंभिक मूल्य, तिचा चढ आणि मापनदोष वेगवेगळे केले जातात. आर प्रणालीतील 'एनएलएमई' व 'एलएमई४' ही पॅकेजेस प्रारंभिक मूल्य व चढ यांतील सहसंबंध सामान्यतः आपोआप काढतात. सॅसमधील 'प्रॉक मिक्स्ड' आणि स्टाटामधील 'मिक्स्ड' या आज्ञा मात्र वेगळी सूचना न दिल्यास तो शून्य गृहीत धरतात. त्यामुळे असा पर्याय न निवडता मिळालेल्या उत्तरावरून 'संबंध नाही' असा निष्कर्ष काढता येत नाही.

मर्यादा

मिळणारा सहसंबंध कालमापनाचा शून्यबिंदू कोठे धरला आहे, यावर अवलंबून असतो. शून्यबिंदू अभ्यासकाळाच्या मध्यावर धरल्यास तो सहसंबंध प्रारंभिक मूल्याशी नसून मध्यकालीन मूल्याशी असतो. म्हणून निष्कर्षासोबत शून्यबिंदूची निवड नमूद करणे आवश्यक असते.